पोट्ट्यांना खजिन्याच्या कादंबऱ्या वाचू द्या

कादंबरी वाचणारा माणूस आमच्याकडे तसाही रिकामटेकडाच समजला जातो, त्यात ती कादंबरी अंतराळयानाची नाहीतर मातीखाली गाडल्या गेलेल्या नगराची असली की मग बोलायलाच नको. शिवाजी महाराजांवरची कादंबरी चालते, संतचरित्र चालतं, एमपीएससीचं गाइड हातात असलं तर घरचे चहा जागेवर आणून देतात, पण पोट्टा जर नकाशा, उत्खनन, परग्रह असलं काही वाचताना दिसला तर "काय फालतू वाचून राहिला बे" हे ठरलेलं. बाप म्हणतो, मास्तर म्हणतात, आणि आता वाचनालयाच्या कमिटीतले लोकही म्हणायला लागले. मला हे पटत नाही. माझं तर उलटंच म्हणणं आहे, की वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ, बुलढाण्याच्या खेड्यात वाढणाऱ्या पोरापोरींसाठी सगळ्यात जवळचं वाचन हेच आहे, फक्त त्यातली नावं इंग्रजी असतात म्हणून ते आपल्याला लांबचं वाटतं.

या दोन्ही जातीच्या कादंबऱ्या वरवर उलट्या दिशेच्या, एक हजारो वर्षं मागे नेते न दुसरी पुढे, पण वाचणाऱ्याला धरून ठेवायची युक्ती दोघींचीही तीच. एक बारकीशी वस्तू अशा जागी सापडते जिथं ती असायलाच नको. बस. मग ती तिथं आली कशी हे शोधण्यात चारशे पानं जातात. खजिना, पाठलाग, व्हिलन हे सगळं वरचं, खरी खाज त्या वस्तूची असते. लाइट गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात "हे एवढं प्रकरण झालं की झोपतो" म्हणत म्हणत ज्यानं पुढची तीन प्रकरणं वाचली आहेत त्याला मी काय म्हणतो ते बरोबर समजेल.

आणि अशा वस्तूंची आपल्याकडे काही कमी आहे का? आमच्या गावाला लागून पांढरी आहे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा, विदर्भात जुन्या गावांना बहुतेक असतोच. मिरगाचा पहिला दणक्याचा पाऊस येऊन गेला की वरची माती धुऊन निघते आणि खापरं उघडी पडतात. त्यातलं एखादं हातात घ्या, बाहेरून तांबडं, आतून एकदम काळं, आणि काठालगत बारीक रेघा, चाक फिरताना कोणाचं तरी बोट टेकलं होतं त्याच्या. आतून काळं काऊन, तर भट्टीत भांडं पालथं ठेवलं की आतल्या अंगाला हवा पोचत नाही, म्हणून ते काळं राहतं न बाहेरचं लाल होतं. विदर्भात अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी दगडांची वर्तुळं रचून मेलेल्यांना पुरणारे जे लोक होते त्यांच्या दफनांत असली काळी-तांबडी भांडी निघालेली आहेत. आमच्या गावात त्या खापरांची लगोरी होते आणि पांढरीची माती ट्रॅक्टरनं वावरात जाते. त्याबद्दल मी कोणाला लेक्चर देणार नाही, लोकांना माती लागते, आणि ती मातीही चांगली असते. पण उत्खननाची एखादी बरी कादंबरी वाचलेला पोट्टा ते खापर खिशात घालून घरी आणतो आणि "घरात कचरा काऊन आणला" म्हणून मायच्या शिव्या खातो, एवढा फरक मी पाहिलेला आहे.

खापराचं राहू द्या, शेणाची गोष्ट सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथल्या शिवारात डायनासोरची हाडं सापडतात हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे, पण हाडांपेक्षा भारी म्हणजे तिथं डायनासोरच्या शेणाचे दगड सापडतात. शेण पडलं, गाडलं गेलं, दगड झालं. हे दगड अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण निघाले, आणि २००५ साली ते 'सायन्स' या मासिकात छापून आलं. तोवर बहुतेकांचा समज असा की गवत पसरलं ते डायनासोर संपल्यानंतर, दोघांची गाठच पडली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका जनावरानं काय चारा खाल्ला होता ते वरोऱ्याजवळच्या दगडातून कळलं आणि साऱ्या जगाच्या पुस्तकातलं एक पान बदलावं लागलं! वरोरा-भद्रावतीकडच्या किती पोरांना हे माहीत असेल? शाळेच्या सहली शेगावला जातात नाहीतर चिखलदऱ्याला, आणि डायनासोर पाहायचा तर मोबाइलवर, तोही अमेरिकेतला.

लोणार सरोवराचंही तेच. म्हातारी माणसं लवणासुराची गोष्ट सांगतात, विष्णूनं त्याला मारलं, दैत्यसूदनाचं सुंदर देऊळ गावात आहेच, आणि ती गोष्ट मला आवडतेच, ती खोडायची काही गरज नाही. पण तिच्या बाजूला दुसरी एक गोष्ट आहे आणि ती कोणी सांगत नाही. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या सरोवराची नोंद केली, त्यानंतर कितीतरी वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड आहे असंच धरून चालले, आणि धरणारच, सगळा दख्खनचा काळा दगडच लाव्ह्याचा, त्यात गोल खड्डा दिसला तर माणूस दुसरं काय म्हणणार. मग तिथल्या दगडांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली, भयंकर जोराचा दणका बसल्याशिवाय जी तयार होत नाही अशी. १९७३ साली ते छापून आलं आणि निकाल लागला, वरून काहीतरी येऊन आदळलं होतं. पुढे वयावरून भानगड झाली. आधी वय ५२ हजार वर्षं निघालं होतं, नंतर वेगळ्या पद्धतीनं मोजलं तर ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास गेलं. म्हणजे एका पद्धतीनं ते आपल्यासारख्या माणसांच्या काळातलं ठरतं आणि दुसरीनं आपण जन्मायच्याही आधीचं! आता यातल्या पहिल्या आकड्यावर एक कादंबरी होऊ शकते, की तो दणका बसला तेव्हा पूर्णेच्या काठावर कोणी माणूस उभा होता का, आणि दुसऱ्या आकड्यावर अजून वेगळी. विज्ञानकथा असं समजा, असं असतं तर काय झालं असतं, एवढंच विचारते, पण एकदा विचारलं की मग लेखकाला पळवाट नाही, आकडा बदलला तर कथा बदलावी लागते. दुसऱ्या कोणत्या प्रकारच्या गोष्टीला एवढी शिस्त असते ते मला दाखवा.

आता खरा वाद. गावच्या वाचनालयाला अनुदान येतं, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून ही व्यवस्था आहे, अ ब क ड वर्ग आहेत, आमचं कोणत्या वर्गात असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पुस्तक खरेदीला जे काय हाती लागतं त्यातलं बरंचसं भरतीच्या न परीक्षेच्या पुस्तकांत जातं. त्याला माझा विरोध नाही, तलाठ्याची, पोलिसाची जागा निघाली की चार गावची पोरं येऊन बसतात, त्यांना पुस्तक पाहिजेच. पण ती पुस्तकं दोन वर्षांत जुनी होतात, चालू घडामोडी शिळ्या होतात, आणि कपाट रद्दीनं भरतं. मी कमिटीत म्हटलं की चार विज्ञानकथा, चार उत्खननाच्या साहसकथा घेऊ, तर एक काकाजी, माणूस भला, चिडलेच. "आधीच गावात गुप्तधनाचं याड लागलं हाय, त्यात तुमी पोट्ट्याइले खजिन्याचे पुस्तकं वाचाले देता?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गुप्तधनाचं याड विदर्भात खरंच आहे. गढी, पडकं देऊळ, जुनी विहीर काहीही सोडत नाहीत, अमावस्येला मांत्रिक येतो, लिंबं, कुंकू, कोंबडं, आणि सकाळी लोकांना देवळामागं खड्डा दिसतो, पिंडी कलंडलेली असते. कधी कधी प्रकार याच्याही पुढे जातो, उगाच नाही २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धन शोधण्यासाठीच्या अघोरी प्रकारांना वेगळी जागा द्यावी लागली. आणि गंमत बघा, जमिनीत गाडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असा इंग्रजांच्या वेळचा १८७८ चा कायदा अजून जिवंत आहे. मांत्रिकाला तो माहीत नसतो, त्याच्या गिऱ्हाइकाला त्याहून नाही.

पण काकाजी, ते खड्डे खणणारे कादंबऱ्या वाचून खणतात का? त्यांच्यातल्या एकाच्या तरी हातात कोणी पुस्तक पाहिलं का? मला तर वाटतं या याडावर उतारा असेल तर तो याच कादंबऱ्यांत आहे. कारण चांगल्या उत्खननाच्या कादंबरीत सोनं शेवटी कामाचं राहतच नाही. बहुतेक वेळा ते हाती लागत नाही, लागलं तर बुडतं, आणि सोन्यामागं धावणारा असतो तो व्हिलन. नायकाला फक्त जाणून घ्यायचं असतं की ही माणसं कोण होती, काय खात होती, संपली कशानं. खणण्या-खणण्यातला हा फरक पोराला गोष्टीतून जितका समजतो तितका पोलीस पाटलाच्या तंबीतून समजत नाही. आणि प्रत्यक्षातला इतिहास हेच सांगतो. श्लीमन नावाच्या जर्मन माणसानं १८७० च्या दशकात ट्रॉय हे गाडलं गेलेलं जुनं नगर शोधताना एवढी घाई केली की वरचे थर सरळ खणून फेकले, आणि त्या थरांत नेमकं काय होतं ते आता कोणालाच पूर्ण कळणार नाही. तिकडे इजिप्तमध्ये कार्टर नावाच्या इंग्रज संशोधकाला १९२२ साली तूतानखामेन राजाची कबर सापडली, आत सोनंच सोनं, पण तिच्यातल्या वस्तू एकेक करून नोंदवून, जपून बाहेर काढायला त्याला दहा वर्षं लागली. आपल्याकडचा मांत्रिक एका रात्रीत पिंडी उलटी करतो. पोराला या दोन खड्ड्यांतला फरक सांगायचा तर कार्टरची गोष्ट रंगवून सांगावी लागेल, आणि रंगवून सांगितली की ती साहसकथाच झाली ना.

दुसरा आक्षेप शहरातले शिकलेले लोक घेतात, की असल्या कादंबऱ्यांमुळे खोटं विज्ञान पसरतं, देवळं परग्रहावरच्या लोकांनी बांधली, आपल्याकडे विमानं होती वगैरे. अहो, विमानांवरचा निबंध २०१५ साली मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये वाचला गेला, कादंबरीत नाही! २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर जे फॉरवर्ड फिरले ते कोणत्याच कादंबरीकाराला सुचले नसते, प्रलय काय, शाप काय, चीन काय. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की क्षार वाढल्यामुळे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले न त्यांचा रंग आला, तो मेसेज मात्र कोणी पुढे पाठवला नाही. कादंबरी बिचारी कव्हरवरच लिहून सांगते की मी कादंबरी आहे. फॉरवर्ड ते सांगत नाही. ज्यानं लहानपणी भरपूर कल्पित वाचलं त्याला कल्पिताचा वास लवकर येतो असा माझा अनुभव आहे, आणि ज्यानं आयुष्यात फक्त गाइड वाचलं त्याला छापलेलं सगळंच खरं वाटतं.

तिसरा आक्षेप मात्र माझा स्वतःचा आहे आणि तो मोठा आहे. या कादंबऱ्यांत आपण कुठं असतो? १८८५ साली हॅगर्ड नावाच्या इंग्रज लेखकानं सोलोमन राजाच्या खाणींची कादंबरी लिहिली तेव्हापासून साचा ठरलेला, गोरा साहेब पुढे, नकाशा त्याच्या खिशात, आणि तिथला माणूस ओझं उचलायला, वाट दाखवायला, नाहीतर विंचू चावून मरायला. मराठीत आणताना नावं बदलली, साहेबाच्या जागी पुण्या-मुंबईचा प्रोफेसर आला, पण ओझं उचलणारा तोच राहिला, फक्त आता तो गोंडी नाहीतर वऱ्हाडी बोलतो. मी वाचलेल्यांत तरी भिवापूर, सिरोंचा, पांढरकवड्याची पोरगी नायिका असलेली साहसकथा मला आठवत नाही.

असं नाही की मसाला नाही. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी नागपूरला आला, शाळा काढली, आज त्याच्या नावाचं कॉलेज आहे तिथं. दगड, जीवाश्म, गोंडांची गाणी, सगळं गोळा करायचा, या भागातल्या भूगर्भाचा नीट अभ्यास करणाऱ्या पहिल्या लोकांतला तो. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटकडची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडून मेला. भर पावसाळ्यात, अंधारात, दगडांच्या वर्तुळांपायी! ज्यांना आपल्याकडचे नाले माहीत आहेत त्यांना हे वाचून काटा येईल, पायापुरतं पाणी कधी छातीला लागतं कळत नाही. आता हीच गोष्ट हिस्लॉपच्या बाजूनं लिहिली तर जुना साचा झाला. पण त्याला ती वर्तुळं दाखवली कोणी? गावातल्या कोणाला तरी ती आधी ठाऊक होती ना, त्यात ढोरं चारत होता ना कोणी. ती कादंबरी त्या गुराख्यापासून सुरू करा आणि बघा कशी वेगळी होते.

नागपूरजवळ काटोल रोडच्या बाजूला जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत, माहुरझरीला दफनांत घोडा निघाला, त्याच्या अंगावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट, आणि तिथंच मण्यांचा मोठा कारखाना होता. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासची. घोडा आला कुठून, मणी गेले कुठं, लोखंड गाळायला शिकवलं कोणी, प्रत्येक प्रश्नाची एकेक कादंबरी होते. आपल्याकडे मात्र विदर्भ म्हटलं की दुष्काळ न आत्महत्या, तिसरी गोष्ट लिहायची जणू बंदीच आहे. दुःख आहेच, ते कोणी नाकारत नाही, पण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळणाऱ्या जमिनीची एवढीच ओळख असावी का?

विज्ञानकथेचं तर आणखी वाईट. जयंत नारळीकरांसारख्या माणसानंसुद्धा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं, नावाकडे पाहून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून, आणि बक्षीस मिळालंच. तिथून मराठीत हा प्रकार नीट रुजला, चांगले लेखक आले, पण प्रयोगशाळा राहिली शहरातच. खेड्यात विज्ञान येत नाही असं लेखकांना का वाटतं मला समजत नाही. आमच्याइतकं विज्ञान कोणाच्या अंगावर आलं आहे?

कापसाचंच घ्या. मातीतल्या एका जिवाणूचा गुण उचलून पऱ्हाटीत टाकला, अळीनं पान खाल्लं की ती मरते, २००२ साली या बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ ला दुसरा गुण टाकून नवं बियाणं आलं. १९८० साली कोणी ही कथा लिहिली असती तर यवतमाळचा शेतकरी हसला असता. त्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, नॉन बीटीचं, वावराच्या कडेनं पेरायला. कोणी पेरलं? बहुतेकांनी धुऱ्यावर फेकलं, कारण "ज्याले अळी लागते थे काऊन पेरू?" आणि विचार केला तर प्रश्न बरोबरच आहे, उत्तर कोणी दिलंच नाही. उत्तर असं होतं की कडेच्या त्या साध्या झाडांवर साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे त्यांचे पतंग बीटीला न मरणाऱ्या थोड्या पतंगांशी जुळतात आणि न मरण्याचा गुण पुढच्या पिढीत पातळ होत जातो. कडेला काहीच नसलं तर न मरणारे न मरणाऱ्यांशीच जुळणार. तेच झालं. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेना, २०१७ च्या हंगामात बोंडं फोडून पाहिली तर आत किडलेली सरकी, आणि त्याच वर्षी यवतमाळात फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं गेली. पुढे दोन्ही बियाणी एकाच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत निघाली, पण ती सगळं होऊन गेल्यावर.

अळी पिढ्यानपिढ्या शिकते आणि माणूस एका हंगामापुरता विचार करतो, याहून मोठा विज्ञानकथेचा विषय मला तरी माहीत नाही, आणि त्याची प्रयोगशाळा वर्ध्यापासून यवतमाळपर्यंत पसरलेली आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्थासुद्धा आपल्या नागपुरातच आहे. सूचनेचा कागद पाकिटात होताच, तो कोणी वाचला नाही. पण गोष्ट असती, पन्नास पिढ्या पुढची अळी आजच्या वावराकडे कशी बघते अशी एखादी, तर पोट्ट्यांनी ती वाचली असती आणि बापाला सांगितली असती. तशी कादंबरी कोणी लिहिली तर मी कमिटीशी भांडून तिच्या दोन प्रती घेतो. तिचा नायक पीएचडी नसला तरी चालेल, फक्त कृषी केंद्रातून बियाणं घेऊन निघाल्यावर एसटीत बसल्या बसल्या पिशवीतलं ते छोटं पाकीट काढून त्याच्या मागं काय छापलंय ते वाचणारा पाहिजे.